कोंदणातून काढण्याआधी

अगं, वहिनीचा दागिन्यांचा डबा तुझ्याकडे आला हे योग्यच झालं. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, जुन्या घाटाचं सगळं मोडते आणि खडे काढून नव्यात बसवून घेते," आणि माझ्या पोटात गोळाच आला. मोडायला माझी ना नाही. डाग लॉकरात पडून राहण्यापेक्षा अंगावर आलेला बरा, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. आमचे वडील, दादा, कोल्हापुरात गुजरीच्या सराफ बाजारात जडाईचं काम करायचे. कुणाच्या आजीच्या कुडीतला खडा काढून नातीच्या अंगठीत बसवायचा, यावरच आमचं घर चाललं. पण सोनं मोडणं वेगळं आणि खडा काढणं वेगळं, हे त्यांनी आम्हा पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. सोनं आटवलं तरी सोनंच राहतं. खडा मात्र कोंदणात जसा दिसतो तसाच बाहेर दिसेल, याची हमी कुणी देत नाही. तुला जो रंग दिसतो, त्यातला निम्मा वाटा कधीकधी कोंदणाचा असतो. म्हणून कारागिराकडे जाण्याआधी हे वाच. नवं डिझाइन काय ते मागाहून ठरव, सगळ्यात सोपं काम तेच.

आणि घाई करू नकोस. वहिनीचं वर्षश्राद्ध होईतो डबा उघड, डाग हाताळ, घालून आरशात बघ, पण मोडू नकोस. दुःखात मोडलेला दागिना घेऊन दादांकडे माणसं परत यायची आणि म्हणायची, "होता तसा करून द्या." तसा कधीच होत नाही.

आता प्रत्येक डाग उलटा करून उजेडात धर. खड्याच्या मागून उजेड आरपार येत असेल तर ते उघडं कोंदण. तिथे फार धोका नाही, जे दिसतं तेच हाती येतं. पण मागून सोन्याचा पत्रा असेल, तर थांब. जुन्या जडावात आत लाख भरलेली असते, लाखेवर चांदीचा चकचकीत पातळ पत्रा, म्हणजे डाक, आणि त्यावर खडा. खड्याच्या कडेनं शुद्ध सोन्याच्या कुंदनाची पट्टी नुसत्या हाताच्या दाबानं बसवलेली असते, तिथे विस्तवाचं काम नाही. पोलकी हिऱ्याखालचा पांढरा डाक उजेड परत फेकतो, म्हणून चपटा हिराही समईच्या ज्योतीत लकाकतो. फिक्या माणकाखाली तांबडा डाक घालायचे, पाचूखाली हिरवा. ही फसवणूक नव्हती, ती त्या कामाची रीतच होती आणि घेणाऱ्यालाही ती ठाऊक असायची.

असा खडा काढून तू उघड्या कोंदणात बसवलास, की त्याचा रंग उतरलेला दिसणार. मग घरात एकच ओरड होते की सोनारानं खडा बदलला. बदलणारेही असतात, नाही म्हणत नाही. पण दादांच्या मते यातली बरीच भांडणं डाकेची असायची. म्हणून बंद कोंदणातल्या खड्याबद्दल कारागिराला आधी विचार, "खाली डाक आहे का, आणि डाक काढल्यावर रंग किती उतरेल?" जो हसून "काही फरक पडत नाही" म्हणेल, त्याच्याकडून उठून ये.

तुझ्या आईच्या तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, असंच आहे. मधले दोन हिरे काळवंडलेत म्हणून तू ते मोडायला निघालीस ना? हिरे काळे पडत नाहीत. आत कधीतरी पाणी शिरलंय आणि खालचा डाक गंजलाय. जडावाचं काम करणारा कारागीर लाख जराशी ऊन करून खडा सोडवेल, नवा डाक घालेल आणि पुन्हा कुंदन करेल. खर्च घडणावळीचा, खोड जसंच्या तसं. मोत्यांचे सर नको असतील तर खोड साध्या गोफात घाल, कुडत्यावरही शोभेल. पण ते मोडून त्यातल्या पोलकीच्या अंगठ्या करू नकोस. पोलकी मुळात पातळ. डाकेवाचून उघड्यावर आली की काचेच्या तुकड्यासारखी दिसते. आणि हो, डाकेच्या दागिन्याला रिठ्याचं पाणी कधी लावायचं नाही. रिठा साध्या सोन्याला.

दुसरी गोष्ट खड्यांच्या जातीची. "आमच्या पणजीच्या लग्नातलं आहे, म्हणजे खरंच असणार," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! फ्रान्समधल्या व्हर्नॉय नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०२ साली भट्टीत माणिक तयार करण्याची कृती जाहीर केली, आणि पुढच्या काही वर्षांतच असे माणिक ढिगानं बाजारात आले. शंभर वर्षांपूर्वीच्या नथीतही ते सापडतात. भिंगातून बघितलं तर आत वाटोळ्या, वळणदार रेषा दिसतात. खाणीतल्या माणकात रेषा सरळ असतात. शिवाय जुन्या दागिन्यांत माणिक म्हणून तामडा बसतो, स्पिनेल बसतो, कधी रंगीत काचही बसते. यात लाजायचं कारण नाही. इंग्लंडच्या राजमुकुटातला प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सेस रुबी' हा स्पिनेलच निघाला. तामडाही चांगला खडा आहे. फक्त त्याच्या भोवती किती सोनं घालायचं आणि घडणावळ किती द्यायची, हे ठरवण्याआधी त्याची जात माहीत हवी.

वहिनीनं स्वतः अलीकडे घेतलेली माणकाची अंगठी मात्र आधी तपासून घे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिशाची काच भरलेली माणकं सर्रास विकली गेली. वरून झकास दिसतात, पण कारागिरानं ज्योत लावली किंवा अंगठी तेजाबात टाकली की आतली काच खराब होते आणि चिरा उघड्या पडतात. त्यानं मुद्दाम काही केलेलं नसतं. त्याला आधी सांगितलं असतं तर खडा काढून मग काम केलं असतं.

मोठे खडे तेवढे प्रयोगशाळेत पाठव. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, आणखीही आहेत. सुटा खडा असेल तर तपासणी नीट होते, जडलेल्याचे वजन आणि पोत अंदाजानं सांगावे लागतात. म्हणून योग्य वेळ म्हणजे जुन्यातून काढल्यावर आणि नव्यात बसवण्याआधी. बारीक चुऱ्याची तपासणी करत बसू नकोस, शुल्क खड्याहून जास्त होईल.

मोत्यांचं तर सगळंच निराळं. तन्मणीचे सर आणि नथ वहिनीकडे तिच्या आजीकडून आलीय, तेव्हा ते बसऱ्याचे मोती असण्याची बरीच शक्यता आहे. इराणच्या आखातातले हे मोती मुंबईच्या बाजारात येऊन भारतभर जायचे. जपानी कल्चर मोती १९२०च्या सुमारास जगभर विकले जाऊ लागले, आणि आखातातला तो धंदा पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बसला. म्हणजे बसऱ्याचा अस्सल मोती आता नव्यानं सहज मिळत नाही. दातावर हलकेच घासून बघितला की खरा मोती किंचित खरखरतो, नकली गुळगुळीत लागतो. पण कल्चरही खरखरतोच, त्यामुळे दात या दोघांतला फरक सांगत नाहीत. तो एक्स-रेमध्ये दिसतो. घरी एवढंच बघता येतं की जुन्या नैसर्गिक मोत्याचं भोक फार बारीक असतं. मोती वजनावर विकला जायचा, मग भोक मोठं पाडून वजन कोण घालवणार?

याच बारीक भोकावरून धोका सुरू होतो. तू मोती गाठवायला दिलेस आणि पटवेकऱ्याचा दोरा आत जाईना, की तो म्हणणार, "ताई, भोक जरा मोठं करून घेतो." नाही म्हण. बारीक रेशीम आणायला सांग, दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांग, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती घरंगळेल. भिजवणं, लिंबू, चिंच, सोडा, टूथपेस्ट यांतलं काही मोत्यावर नको. आंबटानं मोती विरघळतो, टूथपेस्टनं ओरखडतो. ओल्या मऊ फडक्यानं पुसायचे आणि मलमलीत गुंडाळून ठेवायचे, एवढंच. सेंट लावून झाल्यावर मोती घालायचे आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचे.

नथ मोडायची नाही. माझा हा हट्ट समज. नाक टोचलेलं नसेल तर चाप लावून घे, तार झिजली असेल तर तार बदलून घे. पण तेच मोती, तोच क्रम. ओवण्याआधी फोटो काढून ठेव, कारण प्रत्येक मोती जागेच्या मापानं निवडलेला असतो, आणि क्रम चुकला की नथीचा तोल जातो.

आता सोन्याचं. ते तुला इंटरनेटवरही मिळेल, म्हणून मोजकंच. सरकारनं जानेवारी १९६३मध्ये सोनं नियंत्रणाचे नियम आणले आणि चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १९६६पर्यंत ते बंधन होतं. आमच्या गल्लीतल्या किती सोनारांनी तेव्हा दुसरे धंदे धरले! म्हणून त्या काळात लग्न झालेल्या कुणाचा डाग असेल तर तो बावीस कॅरेटचा धरून हिशेब मांडू नकोस. जुन्या बावीसलाही टाक्यांमुळे कस जरा कमी येतो. बारीक कड्या, जाळीकाम असेल तर आणखी. दुकानातलं कॅरेट मोजायचं मशीन पृष्ठभागाचं वाचन करतं, खरा आकडा आटवल्यावर कळतो. ठुशी, साज यांच्या मण्यांत लाख असते. ढोबळ वजनावर तिथे भाळू नकोस.

एक हिशेब मात्र पाठ कर. हिरे नख्यांत बसवायचे असतील तर कारागीर अठरा कॅरेट सुचवेल, आणि ते बरोबर आहे. बावीसच्या नख्या मऊ असतात, साडीच्या पदरात अडकून वाकतात आणि खडा पडतो. पण तू देशील बावीसचं आणि घेशील अठराचं. दहा ग्रॅम बावीस कॅरेटमध्ये ९.१६ ग्रॅम शुद्ध सोनं, त्यातून अठरा कॅरेटचं १२.२ ग्रॅम सोनं होतं. घट वजा जाता हा फरक तुझ्या पदरी पडायला हवा. विचारलं तर मिळतो. नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक बघ. कुंदन, पोलकी, जडावाला हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे पावतीवर कस लिहून घे.

कोणता खडा कुठे बसवायचा, यात बायका हमखास चुकतात, कारण त्या चित्र बघून ठरवतात. पाचूची अंगठी रोज घालायची, असं तुझं चाललंय. पाचूत आत जन्मतःच चिरा असतात, आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवलेलं असतं. भांडी, गरम पाणी, साबण यांनी तेल निघून जातं. ओट्यावर हात आपटला की चिरेतून तुकडा उडतो. पाचू कानात किंवा गळ्यात घाल. अंगठीच हवी असेल तर चारही बाजूंनी सोन्याची भिंत असलेलं कोंदण घे आणि सणासुदीलाच काढ. पोवळं आणि मोती त्याहून मऊ. माणिक आणि नीलम मात्र हिऱ्याखालोखाल कठीण, अंगठीला उत्तम. पाचूला थरथरत्या मशीनमध्ये धुऊ द्यायचं नाही, हे दुकानात आधीच बजावून ठेव. काही वर्षांनी तेल सुकून पाचू धुरकट झाला असेल तर पुन्हा तेल मुरवता येतं, त्यासाठी तो घासायची गरज नाही.

कुड्यांमधले हिरे पिवळसर आहेत म्हणून त्यांना पांढऱ्या सोन्यात घालू नकोस. पांढऱ्याशेजारी पिवळेपणा जास्त डोळ्यांत भरतो, पिवळ्या सोन्यात तो मुरून जातो. आणि नवे पैलू पाडून घ्यायचा मोह टाळ. जुन्या हिऱ्याला आजच्या गोल ब्रिलियंटचा आकार द्यायचा तर वजनाचा मोठा भाग भुकटी होऊन जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन खाणीवरून जुने जवाहिरे चांगल्या हिऱ्याला 'ब्लू जागर' म्हणायचे. ती खाण १९७१मध्ये बंद झाली. आज जुन्या पैलूंच्याच हिऱ्यांना शोधत फिरणारे लोक आहेत, आणि तू ते घासून टाकणार? तयार साच्यातल्या अंगठ्या ठरावीक मापाच्या खड्यांसाठी असतात. तिथे विक्रेता म्हणेल, "खडा जरा कडेनं घासू या." त्याऐवजी अंगठीच खड्याच्या मापानं घडवून घे, घडणावळ थोडी जास्त दे.

कारागिराकडे कधी जायचं? धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया, लग्नसराई यांच्या आधी तर मुळीच नको. पितृपक्षात किंवा पौषात जा. गिऱ्हाईक नसतं, कारागीर मोकळा असतो, शेजारी बसून बघू देतो. तुझ्या काकू म्हणतील, पितृपक्षात सोन्याला हात लावू नये. त्यांना सांग, नुसती चौकशी करतेय, दागिना दसऱ्याला आणणार आहे. मोठ्या पेढीत दिलंस तरी काम बहुधा मागच्या बाजूला किंवा झवेरी बाजारातल्या माळ्यावर, बंगालहून आलेल्या एखाद्या कारागिराच्या हाती होतं. बसवणाऱ्याशी दोन शब्द बोलता आले तर बघ. मालकापेक्षा तो खरं सांगतो.

देण्याआधी प्रत्येक मोठ्या खड्याचा फोटो काढ, फोनच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून. आतली जाळी, डाग, कडेचा टवका हे सगळं वहीत काढून ठेव. प्रत्येक खड्यातले दोष निराळे असतात, त्यामुळे परत आलेला खडा तोच का, हे त्यांच्यावरूनच कळतं. खडे आपल्या समोर काढून घे, प्रत्येकाची वेगळी पुडी कर, पुडीवर नाव आणि वजन लिही. वजन कॅरटमध्येच, एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रतीत लिहू देऊ नकोस. सोन्याची गुंज वेगळी, खड्यांची रती वेगळी, आणि त्यातही प्रत्येक पेढीची आपली. सगळे खडे बाजूला झाल्यावर मगच सोन्याचं वजन. जमा पावतीवर ढोबळ आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं हवीत. खडा बसवताना फुटला तर कोण भरून देणार, हेही तिथेच विचार. बहुतेक जण हात वर करतात. करू देत, पण ते तुला आधी कळलेलं असावं. घट किती टक्के धरणार, हेही विचारून ठेव. घट म्हणून गेलेला कण काही नाहीसा होत नाही. दादांच्या बैठकीतला केरसुद्धा झारेकरी विकत घेऊन धुऊन त्यातून सोनं काढायचे.

आणि एक घरातलं. तुझी ताई काही बोलली नाही म्हणून तिला काही नको आहे, असं धरू नकोस. मोडण्याआधी तिला बोलव, सगळं चटईवर मांड, किमती मनातून काढून टाका आणि जे जुळत नाही त्याच्या चिठ्ठ्या टाका. कुड्यांची जोडी मात्र फोडायची नाही. एक कान तुला, एक तिला, असं भावनेच्या भरात ठरवतात आणि दोन्ही खड्यांची किंमत उतरते, कारण जुळलेली जोडी एकेकट्या खड्यांच्या बेरजेहून नेहमीच जास्त मोलाची असते. तिला कुड्या द्यायच्या असतील तर आख्ख्या दे, तू खोड घे. वहिनीच्या नीलमाबद्दल काकूंनी काहीतरी साडेसातीचं सांगितलंय म्हणे. धुऊन, देवापुढे ठेवून घाल. तुला त्याची भीतीच वाटत असेल तर वीक. पण भीतीपोटी कवडीमोलानं देऊ नकोस, ती भीती जवाहिऱ्याला चांगली ओळखू येते.

दागिना तयार झाला की दिवसाउजेडी आणायला जा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं, दाराबाहेर येऊन बघ. कानाशी धरून बोटानं टिचकी मार. खडखड आवाज आला तर खडा सैल आहे, तिथल्या तिथे परत दे. नख्यांवरून साडीचा पदर किंवा लोकरीचा धागा फिरव, अडकला तर कुठेतरी टोक वर आहे. वहीतली चित्रं काढून भिंगाखाली खडे ताडून बघ, आणि त्यानं तोंड वाकडं केलं तरी बघ. उरलेले बारीक खडे, रिकामी कोंदणं, जुनी तार, सगळं मागून घे. ताम्हणात ठेवलेली माणकाची कणी पुढे तुझ्या लेकीच्या नथीला लागेल.

अंगठीचं माप मात्र पहाटे देऊ नकोस. थंडीत बोटं बारीक असतात, दुपारी फुगतात. दुपारी जेवण झाल्यावर जा आणि मधल्या पेरावरून अंगठी जराशी अडून उतरेल, असं माप दे.